राजाची खासगी

राजाने आपल्या खासगी जमिनींच्या उत्पन्नावर राहावे, रयतेकडे कर मागावा तो युद्धासारख्या प्रसंगीच, अशी मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडात अपेक्षा असे. तेव्हा खासगीचा कारभार हा केवळ राजाचा घरगुती प्रश्न नव्हता.

लँकेस्टरच्या जहागिरीचे उदाहरण घेऊ. १३९९ साली दुसऱ्या रिचर्डने हद्दपार हेन्रीची ही वडिलोपार्जित जहागीर जप्त केली. हेन्री परतला, रिचर्डला पदच्युत करून राजा झाला. पण जहागीर त्याने राज्याच्या मिळकतीत मिसळू दिली नाही. तिची व्यवस्था चोख होती. गावचा कारभारी खंड गोळा करी, विभागाचा वसुली अधिकारी तो एकत्र करी, तपासनीस हिशेब पाही. त्या हिशेबात नफातोटा नसे. येणे किती, भरणा किती, अंगावर बाकी किती, एवढेच असे.

१४६१ मध्ये यॉर्क घराण्याच्या चौथ्या एडवर्डने गादी घेतली. त्यानेही जहागीर वेगळीच ठेवली आणि हीच पद्धत इतर राजमिळकतींना लावली. पैसा संथ सरकारी खजिन्याऐवजी थेट त्याच्या महालात येऊ लागला. आपण स्वतःच्या उत्पन्नावर राहू, असे त्याने १४६७ साली पार्लमेंटला सांगितले. रयतेला हे रुचणारेच होते. मात्र ज्या राजाला कर मागावा लागत नाही, त्याला पार्लमेंटही वारंवार बोलवावे लागत नाही, हे विसरून चालणार नाही.