शिक्षा भोगून सुटलेला माणूस रोज घरासमोर येऊन बसू लागला तर?

समजा, महाडच्या बाजारपेठेत एक कुटुंब राहतंय. घरातल्या कर्त्या माणसाने पूर्वी एका खटल्यात साक्ष दिली होती. त्या साक्षीमुळे आत गेलेला आरोपी शिक्षा भोगून सुटलाय आणि आता रोज समोरच्या टपरीवर येऊन बसतो. शिवी नाही, मारहाण नाही, नुसता बघत बसतो. अशा माणसाचं पोलिसांनी करायचं काय?

हाच प्रश्न १९६२ साली आलेल्या ‘केप फिअर’ या हॉलिवूडपटाने विचारला होता. ग्रेगरी पेक यात वकील सॅम बाउडन आहे, तर रॉबर्ट मिचम आठ वर्षं तुरुंगात काढून आलेला मॅक्स केडी. केडीने आत बसून कायद्याचा अभ्यास केलाय. त्यामुळे तो रेषेच्या अलीकडेच थांबतो. कुत्र्यावर विषप्रयोग होतो, पण पुरावा नाही. एका तरुणीला तो बेदम मारतो, पण ती घाबरून साक्षच देत नाही. सिनेमातली खरी भीती इथेच आहे, नदीवरच्या शेवटच्या मारामारीत नाही. शेवटी वैतागलेला वकीलच भाड्याचे गुंड पाठवतो आणि स्वतः अडचणीत येतो.

तेव्हा अमेरिकेत पाठलागाविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता. असा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये केला. आपल्याकडे तो २०१३ मध्ये आला. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्यासाठी आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण गुन्हा जामीनपात्र आहे. दुसऱ्यांदा केला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. मेख अशी की हे कलम फक्त स्त्रीच्या पाठलागाला लागू होतं. म्हणजे वकीलसाहेबांच्या मागे फिरणारा केडी यात बसत नाही. धमकी दिली तर कलम ३५१ लागतं, पण केडी उघड धमकी देतोय कुठे?

मुलगी अल्पवयीन असेल तर मात्र चित्र बदलतं. लैंगिक हेतूने तिच्यावर सतत नजर ठेवणं हासुद्धा पॉक्सोखाली गुन्हा आहे. शाळेबाहेर ताटकळणारा केडी इथे सापडू शकतो.

गुन्हा घडायच्या आधीचे उपाय दोन. पहिला, ज्याला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात तो. यात कार्यकारी दंडाधिकारी चांगल्या वर्तनाचा बाँड लिहून घेतात. दुसरा, तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५७ तर जणू केडीसाठीच लिहिलंय: आधी शिक्षा झालेला माणूस तसाच गुन्हा पुन्हा करेल असं मानायला कारण असेल, तर त्याला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. कलम ५६ मध्ये तर साक्षीदार भीतीपोटी उघड बोलत नाहीत, ही गोष्टच कारवाईचा आधार ठरते. छोट्या गावात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण नुसत्या संशयावर हे होत नाही. त्या माणसाला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं आणि आदेशाविरुद्ध तो सरकारकडे अपीलही करू शकतो. त्याने शिक्षा भोगलेली आहे आणि हवं तिथे फिरण्याचा हक्क त्यालाही आहे. तडीपारी हा अपवादात्मक उपाय असून तो जपूनच वापरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलंय.

शिवाय भूगोल आहेच. पोलादपूरहून कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा, आंबेनळी घाट चढला की सातारा. म्हणून कायद्याने लगतचे जिल्हेही आदेशात घेता येतात. मात्र ते का घेतले, याचं कारण अधिकाऱ्याला दाखवता आलं पाहिजे, नाहीतर आदेश कोर्टात टिकत नाही.