घरच्यांनाच चोर समजणारे पहारेकरी

सकाळी हिची बोटं इतकी आखडतात की चहाचा कपही धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, "संधिवात. शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजताहेत."

मी पडलो इंजिनिअर! विचारलं, "मग याला ब्रेक नाही?"

आहे. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये तो दाखवला. काही विशिष्ट टी-पेशी वगळून बाकीच्या उंदरांना दिल्या, तर त्या उंदरांच्याच अवयवांवर तुटून पडल्या. वगळलेल्या परत देताच आजार टळला. अशा आवरणाऱ्या पेशींवर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. २०२५ चं नोबेल मात्र त्यांना, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, मिळालं.

या पेशींवरचे उपचार अजून चाचण्यांतच आहेत. तोवर सकाळचा चहा माझ्याकडे!