दाते खाली, हात मोकळे

फाटलेली जीन्स शिंप्याकडे नेली की तो नेमके काय करतो, हे कधी थांबून पाहिले आहे? आतून कापडाचा तुकडा लावतो, फाटलेला भाग सुईखाली पसरतो आणि दोन्ही हातांनी कापड पुढे-मागे सरकवत राहतो. बघता बघता भोक बुजते. याला आपण रफू म्हणतो. हाच हात जरा वळवला, की रफूचे फूल होते. मशीनवरचा मोकळ्या हाताचा कशिदा म्हणजे हेच.

रमजानमध्ये बऱ्याच घरांतले शिवणयंत्र आवरणातून बाहेर निघते. कुणाची सलवार आखूड करायची असते, कुणाच्या दुपट्ट्याला काठ लावायचा असतो. त्यातून उरलेल्या चिंध्या आणि इफ्तारच्या आधीचा तासभर, एवढ्या भांडवलावर हे काम शिकता येते.

साध्या शिवणीत कापड पुढे नेण्याचे काम मशीन करते. सुईखालच्या पट्टीतून डोकावणारे बारीक दाते कापड पकडतात आणि प्रत्येक टाक्याला ठरलेले अंतर ढकलतात. दाते खाली घेतले की ढकलणारे कोणी उरत नाही. सुई जागच्या जागी वर-खाली होत राहते. कापड कुठे न्यायचे आणि किती वेगाने, हे सगळे तुमच्या हातावर येते. नव्या मशीनला दाते खाली घेण्याची कळ असते. जुन्या काळ्या मशीनवर बहुधा दात्यांवर पत्र्याची पट्टी बसवतात. टाक्याची लांबी शून्यावर ठेवायची, नेहमीचा पाय काढून रफूचा स्प्रिंगवाला पाय लावायचा आणि १४ नंबरची सुई घ्यायची.

रिंग मात्र हातकशिद्याच्या उलट लावायची, म्हणजे ताणलेले कापड मशीनच्या पट्टीला सपाट टेकते. बोटाने वाजवले तर डफासारखे वाजले पाहिजे. आतल्या रिंगेला सुती चिंधी गुंडाळली तर कापड सुटत नाही. बॉबिनचा दोरा वर काढून दोन्ही टोके धरायची आणि दोन-तीन टाके जागेवरच घ्यायचे. पाय उचलण्याची मागची दांडी खाली हवीच. ती वर राहिली तर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. बोटे रिंगेच्या कडेला ठेवावीत, सुईपासून लांब.

खरा अभ्यास इथून पुढे. मशीन एकसारखे चालले पाहिजे आणि हात सावकाश. हात घाईने ओढला तर टाके लांबतात, सुई वाकते, मोडते. एकाच जागी थांबला तर दोऱ्याची गाठ साठते. रोज्याच्या महिन्यात सब्र हा शब्द सारखा कानावर येतो. इथे तो बोटांना समजावा लागतो.

सरावासाठी आपले नाव लिहून पाहावे. इथे लेखणी स्थिर असते आणि कागद हलतो, म्हणून ओळखीचे अक्षरही नव्याने गिरवावे लागते. मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिणाऱ्या हाताला यात एक गंमत सापडते. उर्दूची वळणे सुईला सोपी जातात, पण प्रत्येक नुक्त्यासाठी थांबून पुढे सरकावे लागते. मराठीची अक्षरे गोलाईने उतरतात, पण शिरोरेघ दमवते. दाते नसताना सरळ रेघ मारणे हेच सर्वांत अवघड! बाकी या कामाची भाषा दोघींची एकच. कशिदा, रफू, अस्तर, जरी हे शब्द फारसीतून आले आणि दोन्ही घरांत आपलेच होऊन राहिले.

हात बसला की छोट्या वस्तू कराव्यात. ईदी देण्यासाठी नोटेच्या मापाची कापडी पाकिटे. रोटीचा रुमाल. बटवा. कुराणासाठी जुझदान, त्याच मापाने, त्याच वेलीने शेजारच्या आजींच्या पोथीला बासन. इफ्तारीचे ताट झाकून पाठवायचा रुमाल तर हवाच. दिवाळीत तो फराळाच्या ताटावरून परत येतो.

या खटाटोपाचा आणखी एक फायदा आहे, तो मला सर्वांत मोठा वाटतो. एक पान भरायला सुई किती वेळा त्याच वाटेने न्यावी लागते, हे एकदा स्वतःच्या हाताने केले की बाजारात नजर बदलते. संगणकावर चालणारी मशीन एकच नक्षी अनेक डोक्यांवर एकाच वेळी उतरवते. तिच्या भावाशी हाताने रिंग फिरवणाऱ्या कारागिराचा भाव जुळणार कसा? गल्लीतल्या खोलीत काम करणाऱ्या बाईला मजुरी नगावर मिळते. दोरा बहुधा तिचाच, विजेचे बिलही तिचेच. ईदच्या तोंडावर ती सहरीपर्यंत जागते, आणि आपण गळ्यावरच्या एका वेलीसाठी पन्नास रुपये कमी करायला सांगतो.

फित्रा, जकात आपण हिशेबाने काढतो. मजुरीचाही हिशेब असाच चोख असावा. ती दान नव्हे, तिच्या हक्काची रक्कम आहे. चिंधीवर एक पान भरून पाहा, मग भाव विचारा.