वक्तृत्वाचे गुण : कान कशाकडे लावावा?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची आणि धर्मग्रामांतून युवक मेळाव्यांची लगबग सुरू होते. वक्तृत्व स्पर्धेशिवाय हे कार्यक्रम पूर्ण होत नाहीत. परीक्षक म्हणून कधी धर्मगुरूंना, कधी धर्मभगिनींना, तर कधी एखाद्या निवृत्त शिक्षकाला पाचारण केले जाते. हाती एक कागद आणि पेन दिले जाते, आणि दोन तासांत वीस-पंचवीस मुलांची क्रमवारी लावून द्यावी अशी अपेक्षा असते. हे काम जितके सोपे वाटते तितके ते नाही. आम्ही स्वतः या कामात चुकलो आहोत, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

एक चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही परीक्षक होतो. विषय होता 'पाणी हेच जीवन'. बहुतेक मुलांनी लिहून दिलेली भाषणे खणखणीत आवाजात म्हणून दाखविली. सातवीतील एक मुलगी मात्र आपल्या घरामागील बावखलाविषयी बोलली. आजी तेथून वाडीला पाणी कशी द्यायची, बावखल बुजविल्यानंतर विहिरीचे पाणी मचूळ कसे झाले, हे तिने आपल्या शब्दांत सांगितले. घरी ती आपली बोली बोलत असावी. 'ण'चा 'न' होत होता, 'ळ' मध्येच निसटत होता. आमच्या कागदावर 'उच्चार' या रकान्यात २५ गुण होते. आम्ही तिला त्यांपैकी ८ दिले. ती चौथी आली आणि बक्षिसे तीनच होती. पुढे तिच्या शिक्षिका भेटल्या तेव्हा कळले की, त्यानंतर ती मुलगी कधीच व्यासपीठावर चढली नाही.

त्या दिवशीची तीन विजेती भाषणे आज आम्हांला आठवत नाहीत. ते बावखल मात्र आठवते.

संत ऑगस्टीन यांचे उच्चार

या संदर्भात संत ऑगस्टीन यांचे स्मरण होते. ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील तागास्ते (आजच्या अल्जीरियात) येथे त्यांचा जन्म झाला. ३८४ साली मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. साम्राज्यातील तो मोठ्या मानाचा हुद्दा होता. तरीही आपल्या काही शब्दांच्या उच्चारांवरून इटलीचे लोक आपल्याला टोकतात, अशी कबुली त्यांनी स्वतःच आपल्या एका ग्रंथात देऊन ठेवली आहे. वक्तृत्वाच्या अध्यापकाचीही ही गत!

आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात ते शालेय शिक्षणावर एक मार्मिक टीका करतात. 'माणूस' या अर्थाच्या लॅटिन शब्दातील 'ह' गाळला तर विद्वानांना ती मोठी चूक वाटते. परंतु त्याच माणसाचा द्वेष केला तर तितकी लाज वाटत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पुढे 'ख्रिस्ती शिकवण' या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्यांनी रोमन वक्ता सिसेरो याचा आधार घेऊन वक्त्याची तीन कामे सांगितली : शिकविणे, आनंद देणे आणि अंतःकरण हलविणे. पहिल्या कामाला त्यांनी अग्रस्थान दिले. श्रोत्याला कळलेच नाही, तर बाकीचे सारे व्यर्थ होय.

आमच्या कागदावर हा क्रम उलटा झाला होता. शुद्ध उच्चार आणि स्पष्ट उच्चार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या बाकावरील श्रोत्याला शब्द कळला की उच्चार स्पष्ट झाला. सामवेदी, वाडवळी वा कोळी बोलीचा ठसा हा दोष मानून गुण कापणे म्हणजे मुलाला त्याच्या आईच्या भाषेसाठी शिक्षा करणे होय. तोतरेपणाचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने वाचा व भाषा दोषाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. अशा मुलाला वेळ वाढवून द्यावा. अडखळण्याचे गुण कधीही कापू नयेत.

गुणांची विभागणी

प्रथम आपण नेमके काय तपासणार आहोत, हे ठरवावे. पाठांतर, कथाकथन, वादविवाद, वक्तृत्व आणि वर्गातील प्रकल्पाचे सादरीकरण या पाच निराळ्या गोष्टी आहेत. वादविवादात प्रतिपक्षाचे मुद्दे खोडणे महत्त्वाचे असते, तर प्रकल्पाच्या सादरीकरणात माहिती अचूक असणे व पडद्यावरील मजकूर नुसता वाचून न दाखविणे महत्त्वाचे असते. एकच गुणपत्रक सर्वांना लावू नये.

वक्तृत्वासाठी आम्ही अलीकडे शंभर गुणांची पुढील विभागणी वापरतो : आशय ४०, मांडणी २०, भाषा व उच्चारांची स्पष्टता १५, आवाज, नजर व हावभाव १५, आणि भाषणानंतरच्या प्रश्नांची उत्तरे १०. गुणपत्रक मुलांना स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी द्यावे. काय तपासले जाणार, हे ठाऊक नसताना घेतलेली परीक्षा न्याय्य नसते.

केवळ आकडे पुरेसे नाहीत. प्रत्येक आकड्याचा अर्थ शब्दांत लिहावा. मांडणीचे उदाहरण घेऊ. प्रारंभ, मध्य व शेवट सहज ध्यानात आले, तर १६ ते २०. मुद्दे आहेत पण एकातून दुसरा निघत नाही, तर १० ते १५. वाक्यांमागून वाक्ये आली पण दिशा सापडली नाही, तर त्याहून कमी. असे लिहिले की दोन परीक्षकांच्या 'बरे' या शब्दाचा अर्थ जवळजवळ एक होतो.

प्रश्नोत्तरांचे दहा गुण विशेष महत्त्वाचे आहेत. पूर्वी भाषण शिक्षक वा पालक लिहून देत. आता मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात लिहून देते. 'तू सांगितलेस ते तुझ्या गावात कुठे पाहिलेस?' असा एकच साधा प्रश्न विचारला की भाषण मुलाचे झाले आहे की नाही, ते कळते. प्रश्न मायेने विचारावा. उलटतपासणी करू नये.

परीक्षकांचे मोह

पहिल्या वक्त्याला बहुधा कमी गुण मिळतात, कारण पुढे कोणी अधिक चांगला येईल म्हणून परीक्षक हात आखडता घेतो. उत्तम भाषणानंतर येणारे मूल उगाच फिके वाटते. गोड चेहरा वा उंची पोशाख पाहून आशयाचेही गुण वाढतात. यावर उपाय साधे आहेत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. प्रत्येक भाषण संपताच गुण लिहावेत आणि प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्रपणे लिहावेत. तिसऱ्या भाषणानंतर पहिल्याच्या गुणांकडे पुन्हा एकदा पाहावे. ओळखीचे मूल असेल तर त्या भाषणापुरते बाजूला व्हावे.

बेरजेतही एक खाच आहे. समजा, अ या मुलास तीन परीक्षकांनी ६२, ६३ व ७० गुण दिले. ब या मुलास ६०, ६१ व ९०. बेरीज अनुक्रमे १९५ आणि २११. ब विजयी! परंतु तिघांपैकी दोघांच्या मते अ सरस होता. तिसऱ्या परीक्षकाने सढळ हाताने गुण दिल्यामुळे इतर दोघांचे मत निष्प्रभ झाले. म्हणून गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाच्या क्रमांकांची बेरीज करावी. अ चे क्रमांक १, १, २ म्हणजे ४. ब चे २, २, १ म्हणजे ५. कमी बेरीज ज्याची, तो पुढे.

खैरात नको

याउलट सर्वांना सरसकट गुण देणे हेही मूल्यमापन नव्हे. दहावीच्या २०१९ च्या परीक्षेत राज्य मंडळाने भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण बंद केले. त्याच वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. परंतु तोंडी परीक्षेचे गुण किती सैल हाताने दिले जात होते, याची चर्चा तेव्हा घराघरांत झाली. पुढील वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले. तोंडी परीक्षा प्रामाणिकपणे घेतली, तर तिच्यासारखी उपयुक्त परीक्षा नाही. हजेरीसारखी उरकली, तर मूल बोलायला शिकतच नाही.

स्पर्धेनंतर

निकाल जाहीर झाला की परीक्षक चहा घेऊन निघून जातात. खरे तर काम तेथे सुरू होते. प्रत्येक मुलाला गुणपत्रकासोबत तीन वाक्ये लिहून द्यावीत : दोन जमलेल्या गोष्टींविषयी आणि एक सुधारण्याजोगी. 'छान बोललास' याने काही कळत नाही. 'विहिरीचे उदाहरण दिलेस तेव्हा सभागृह शांत झाले. शेवट मात्र घाईत उरकलास, पुढच्या वेळी एक वाक्य थांबून बोल' याने मूल शिकते. उच्चारांविषयी सांगायचे असेल तर ते खाजगीत सांगावे, ध्वनिक्षेपकावरून नव्हे.

उद्या हीच मुले ग्रामसभेत उभी राहणार आहेत, नोकरीच्या मुलाखतीला जाणार आहेत, वेदीजवळ वाचन करणार आहेत, अन्यायाविरुद्ध बोलणार आहेत. आपण कापलेले दोन गुण त्यांच्या तोंडाला कुलूप लावू शकतात. त्या बावखलाच्या मुलीची क्षमा आज आम्ही मागू शकत नाही, कारण ती कोठे आहे हे आम्हांला ठाऊक नाही. पण यंदा परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला आमची नम्र विनंती आहे : पेन उचलण्यापूर्वी मूल काय सांगत आहे, ते आधी ऐकावे.