ब्रोशरमधलं दुकान खरंच तसं असेल?

नव्या कॉम्प्लेक्समध्ये दुकान घेताय? ब्रोशरवर संध्याकाळचा सोनेरी उजेड, चकचकीत काच, समोर मोकळा रस्ता दिसतो. पण तो फोटो नसतो, कॉम्प्युटरवर बनवलेलं थ्रीडी चित्र असतं. विजेच्या तारा, पार्किंगची गर्दी त्यात कोण दाखवणार! म्हणून मंजूर नकाशा मागा, दुकानाची रुंदी आणि समोरच्या पायऱ्या ताडून पाहा. पाटी कुठे लावता येईल, ते लिहून घ्या. भर दुपारी जागेवर एक चक्कर माराच.

२०१६ च्या रेरा कायद्यात दुकानंही येतात. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम १२ नुसार भरपाई मागता येते. ते ब्रोशर तेवढं जपून ठेवा.