हार्डी किवी : रासायनिक घटक आणि आरोग्यविषयक परिणाम

सारांश : हार्डी किवी, अर्थात ॲक्टिनिडिया अर्गुटा, ही पूर्व आशियातील वेलवर्गीय वनस्पती असून तिचे लहान व गुळगुळीत फळ सालीसकट खाल्ले जाते. क जीवनसत्त्व, मायो-इनॉसिटॉल, ल्युटीन, पॉलिफेनॉल आणि ॲक्टिनिडिन हे विकर यांमुळे या फळाने संशोधकांचे लक्ष वेधून घेतले आहे. प्रस्तुत लेखात या घटकांचा परिचय करून दिला असून, त्यांच्या आरोग्यविषयक परिणामांमागील पुरावा कोणत्या पातळीचा आहे याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : हार्डी किवी, क जीवनसत्त्व, मायो-इनॉसिटॉल, ॲक्टिनिडिन, ॲलर्जी.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बाजारपेठेत ‘किवी’ या नावाने मिळणारे तपकिरी, लवदार सालीचे फळ ॲक्टिनिडिया डेलिसिओसा या जातीचे आहे. मूळ चीनमधील या वेलीचे बी १९०४ मध्ये न्यूझीलंडला नेण्यात आले आणि तेथेच तिची व्यापारी लागवड विकसित झाली. ‘किवीफ्रूट’ हे नाव १९५९ मध्ये निर्यातीच्या सोयीसाठी रूढ करण्यात आले. ॲक्टिनिडिया या प्रजातीत पन्नासहून अधिक जाती असून हार्डी किवी ही त्यांपैकी एक स्वतंत्र जाती होय. एका जातीवर झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष दुसऱ्या जातीला लावणे आणि फळात एखादा घटक आढळला म्हणजे त्याचा औषधी गुण सिद्ध झाला असे मानणे, हे दोन दोष या फळाविषयीच्या लोकप्रिय लेखनात वारंवार आढळतात. म्हणून उपलब्ध माहितीची चिकित्सा आवश्यक ठरते.

वनस्पतीचा परिचय

हार्डी किवी ही जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाचा अतिपूर्व प्रदेश येथील जंगलांत नैसर्गिकरीत्या वाढते. कोरियात तिला ‘दारे’, तर जपानमध्ये ‘सारुनाशी’ म्हणजे ‘माकडाचे नासपती’ असे म्हणतात. तिचे वेल अतिशय चिवट असतात. जपानच्या तोकुशिमा परगण्यातील इया खोऱ्यातला प्रसिद्ध झुलता पूल याच वेलींनी बांधलेला असून तो दर तीन वर्षांनी नव्याने बांधला जातो. सोलमधील चांगदोक राजवाड्याच्या आवारात या जातीची सुमारे सहाशे वर्षांची वेल असून १९७५ मध्ये तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला. कोरियात या वेलीची कोवळी पाने भाजी म्हणूनही खाल्ली जातात.

सुप्तावस्थेत ही वेल उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान सहन करते. ‘हार्डी’ म्हणजे काटक, हे विशेषण तिला याच गुणामुळे मिळाले. मात्र वसंत ऋतूतील कोवळी पालवी हिमतुषाराने सहज करपते. नर व मादी फुले सामान्यतः वेगवेगळ्या वेलींवर येतात. फळ साधारणतः ५ ते १५ ग्रॅम वजनाचे, मोठ्या द्राक्षाएवढे असते. पिकल्यावर ते लवकर मऊ पडत असल्याने त्याची साठवण व दूरची वाहतूक कठीण जाते.

रासायनिक घटक

शर्करा व आम्ले : पिकलेल्या फळात सुक्रोज, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या शर्करा, तर सायट्रिक व क्विनिक ही प्रमुख सेंद्रिय आम्ले असतात. इतर फळांच्या तुलनेत मायो-इनॉसिटॉल या शर्करासदृश अल्कोहोलाचे प्रमाण लक्षणीय असते. हे संयुग शरीरातील इन्शुलिनच्या संदेशवहनात भाग घेते.

क जीवनसत्त्व : जपानमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात हार्डी किवीच्या वेगवेगळ्या वाणांत दर १०० ग्रॅम ताज्या फळात ३७ ते १८५ मि.ग्रॅ. क जीवनसत्त्व आढळले. प्रौढ भारतीय पुरुषासाठी दररोज ८० मि.ग्रॅ. व स्त्रीसाठी ६५ मि.ग्रॅ. क जीवनसत्त्वाची शिफारस २०२० पासून आहे. म्हणजेच १०० ग्रॅम फळांतून वाणानुसार पुरुषाची निम्म्याहून कमी अथवा दुपटीहून अधिक गरज भागते. ‘हार्डी किवी क जीवनसत्त्वाने समृद्ध आहे’ हे विधान त्यामुळे वाणाचा उल्लेख केल्याशिवाय अपुरे राहते. आपल्याकडील पेरूत हे प्रमाण दर १०० ग्रॅमला सुमारे २०० मि.ग्रॅ. असते, ही बाबही येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

रंगद्रव्ये व पॉलिफेनॉल : ल्युटीन, बीटा-कॅरोटीन आणि हरितद्रव्य यांचे प्रमाण हार्डी किवीत नेहमीच्या हिरव्या किवीपेक्षा बरेच अधिक आढळते. पिकल्यावरही गर हिरवा राहतो तो हरितद्रव्य टिकून राहिल्यामुळे. जांभळट गराच्या प्रकारांत सायनिडिनवर्गीय अँथोसायनिने असतात. पॉलिफेनॉल गरापेक्षा सालीत अधिक असतात. साल काढावी लागत नसल्याने ते आहारातून वाया जात नाहीत, हा या फळाचा खरा विशेष म्हणता येईल.

ॲक्टिनिडिन : प्रथिनांचे विघटन करणारे हे विकर पपईतील पपेनच्या कुळातले आहे. कच्चा किवी घातल्यास जिलेटिनची जेली घट्ट होत नाही, याचे कारण हेच विकर होय.

कॅल्शियम ऑक्झॅलेट : ॲक्टिनिडिया प्रजातीच्या फळांत या क्षाराचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळूची पाने वा कंद नीट न शिजल्यास घशात खाज सुटते, ती याच प्रकारच्या स्फटिकांमुळे. काहींना किवी खाल्ल्यावर जाणवणारी खवखव काही अंशी यामुळे असते.

आरोग्यविषयक परिणाम : पुराव्याच्या पातळ्या

पहिली पातळी परीक्षानळीतील प्रयोगांची. हार्डी किवीच्या फळांचे व पानांचे अर्क मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात, तसेच पिष्टमय पदार्थांच्या पचनातील अल्फा-ग्लुकोसिडेज या विकरास अटकाव करतात, असे दिसून आले आहे. परंतु खाल्लेल्या पॉलिफेनॉलांचा अल्प भागच मूळ स्वरूपात रक्तात पोहोचतो. त्यामुळे परीक्षानळीतील क्रिया शरीरात तशीच घडेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी पातळी प्राण्यांवरील प्रयोगांची. दक्षिण कोरियातील संशोधकांनी हार्डी किवीच्या फळांपासून पाण्यात काढलेला ‘पीजी१०२’ नावाचा अर्क अंड्यातील प्रथिनाने संवेदनशील केलेल्या उंदरांना दिला. ॲलर्जीशी निगडित आय.जी.ई. प्रतिपिंडांचे रक्तातील प्रमाण त्यामुळे घटले, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचादाहाच्या उंदरांवरील प्रारूपातही पुढे अनुकूल परिणाम नोंदविले गेले.

तिसरी आणि निर्णायक पातळी मानवी चाचण्यांची. हार्डी किवीच्या संदर्भात अशा चाचण्या मोजक्या असून त्यांचा भर संहत अर्कावर आहे. मात्रेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मायो-इनॉसिटॉलविषयीच्या वैद्यकीय चाचण्यांत सामान्यतः दिवसाला २ ते ४ ग्रॅमची मात्रा दिली जाते, तर १०० ग्रॅम हार्डी किवीत ते एका ग्रॅमहून कमी असते. चार ग्रॅमची मात्रा केवळ फळांतून मिळवायची तर रोज चारशे ग्रॅमहून अधिक फळे खावी लागतील.

याउलट, नेहमीच्या हिरव्या किवीबाबत एक परिणाम बऱ्यापैकी प्रस्थापित आहे. रोज सुमारे २०० ग्रॅम गर खाल्ल्याने शौचाची नियमितता सुधारते, हे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्य केले. मात्र ते मत हेवर्ड या वाणापुरते आहे. हार्डी किवीतही तंतू व ॲक्टिनिडिन असल्याने तसा परिणाम संभवतो, तथापि संभाव्यता म्हणजे सिद्धता नव्हे.

ॲलर्जीचा विरोधाभास

ज्या फळाचा अर्क उंदरांतील ॲलर्जी कमी करतो, त्याच फळात ॲलर्जी उत्पन्न करणारे घटकही आहेत. ॲक्टिनिडिन हे किवीतील प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन आहे. नेहमीच्या किवीची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तातील आय.जी.ई. प्रतिपिंडे हार्डी किवीतील प्रथिनांशीही जोडली जातात, असे आढळले आहे. परिणामी ‘ॲलर्जीवर गुणकारी’ असे वाचून अशा व्यक्तीने हे फळ खाल्ल्यास तोंडाची खाज, सूज व क्वचित गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते. हा विरोधाभास वरवरचा आहे. अर्क म्हणजे फळ नव्हे आणि उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, एवढे ध्यानात घेतले की तो उरत नाही. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांनीही दक्षता घ्यावी. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम व ऑक्झॅलेट यांवर निर्बंध असल्यास वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की महाराष्ट्रातील शहरांत किवीची मागणी वाढते व भाव चढतात. किवीमुळे रक्तातील बिंबिका म्हणजेच प्लेटलेट वाढतात, ही समजूत त्यामागे आहे. तिला पुरेसा वैद्यकीय आधार नाही. डेंग्यूतून बरे होताना बिंबिकांची संख्या बहुधा आपोआप पूर्ववत होते आणि त्याचे श्रेय त्या काळात खाल्लेल्या फळाला दिले जाते. ओस्लो विद्यापीठातील २००४ च्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांनी २८ दिवस रोज दोन ते तीन किवी खाल्ल्यावर बिंबिकांची एकत्र चिकटण्याची प्रवृत्ती घटल्याचे दिसले. हे निरीक्षण बिंबिकांच्या कार्याविषयी आहे, संख्येविषयी नाही. डेंग्यूच्या रुग्णाला खरी गरज असते ती पुरेशा द्रवपदार्थांची आणि वैद्यकीय देखरेखीची. महागड्या फळावर विसंबून रुग्णालयात जाण्यास झालेला विलंब जिवावर बेतू शकतो.

समारोप

हार्डी किवी हे पोषणदृष्ट्या उत्तम फळ आहे, यात शंका नाही. सालीसकट खाता येणे, ल्युटीन व मायो-इनॉसिटॉल यांचे लक्षणीय प्रमाण आणि काही वाणांतील विपुल क जीवनसत्त्व ही त्याची वैशिष्ट्ये होत. तथापि त्याच्या औषधी गुणांविषयीचा पुरावा अद्याप मुख्यतः परीक्षानळी व प्राणी या पातळ्यांवर आहे. विज्ञान व गृहविज्ञान शाखांच्या अध्यापनात या फळाचे उदाहरण म्हणूनच उपयुक्त ठरेल. जाती कोणती, वाण कोणता, फळ की अर्क, मात्रा किती आणि चाचणी कोणावर, हे पाच प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर कोणत्याही ‘आरोग्यदायी’ पदार्थाविषयीच्या दाव्याची पारख त्यांना स्वतः करता येईल.