मशीन गणपती पेठेत, मी विश्रामबागला

"मामा, माझ्या टेबलाखालचं मशीन तेवढं चालू करता का?"

हा फोन महिन्यातून दोन-तीनदा तरी होतोच. सांगलीतल्या एका कर सल्लागाराकडे मी हिशेब लिहिते. ऑफिस गणपती पेठेत, घर विश्रामबागला. २०२० च्या टाळेबंदीत ऑफिसचा संगणक घरून चालवायला शिकले, आणि घरून काम करायचं तर ऑफिसात मामांसारखं कुणीतरी लागतं, हेही तेव्हाच कळलं.

शेजारणीला वाटतं, ऑफिसचा संगणक माझ्या घरी येतो. काहीही येत नाही. टॅलीतला डेटा तिथेच राहतो, बेरीज-वजाबाकी तिथलंच मशीन करतं. माझ्याकडे येतं ते पडद्याचं चित्र, त्यातही बदललेला भाग तेवढाच. इकडून जातात ती बोटं आणि माउसची हालचाल. म्हणून तर माझा म्हातारा लॅपटॉप आणि मोबाइलचं नेट एवढ्यावर भागतं. प्रिंटचा हुकूमही बहुधा तिकडेच सुटतो, हे मी चाळीस पानांची खतावणी छापून शिकले. कागद गणपती पेठेत पडत होते आणि मी घरच्या प्रिंटरकडे बघत बसले होते!

विंडोजमध्ये यासाठी रिमोट डेस्कटॉप नावाची सोय २००१ च्या एक्सपीपासून आहे. पण ज्या मशीनवर जायचं, त्यावर प्रो आवृत्ती लागते. आमच्या मशीनवर निघाली होम. मग एनीडेस्क घेतलं. दोन्हींत एक फरक आहे, तो कुणी आधी सांगत नाही. रिमोट डेस्कटॉपने गेलं की ऑफिसचा पडदा कुलूपबंद होतो. एनीडेस्कमध्ये तो उघडाच राहतो, वेगळी सोय केली नाही तर. एका दुपारी मी एका कारखान्याचं पगारपत्रक भरत होते आणि त्याच कारखान्याचा माणूस माझ्या टेबलासमोर साहेबांची वाट पाहत बसला होता. मामांनी मॉनिटरचं बटण दाबलं म्हणून निभावलं.

कंपन्यांच्या विवरणपत्रावर डिजिटल सही लागते. तिची डोंगल ऑफिसच्या मशीनला खोचलेली असते. एनीडेस्कमधून ती दिसते. पुढे प्रो आवृत्ती घेतली आणि रिमोट डेस्कटॉपने गेले, तर डोंगल गायब. रिमोट डेस्कटॉप डोंगल घरच्या मशीनला शोधतो. जीएसटीचं दरमहाचं ३बी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख २०. त्यानंतर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि वर व्याज. रात्री दहाला हा शोध लागणं कुणाच्याही नशिबी नको.

एक बजावून सांगते. "राउटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट उघडून ठेवा, थेट जाता येईल," असं सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. अशी उघडी दारं हुडकणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपच्या सोयीत इतकी मोठी फट सापडली, की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. व्हीपीएन लावून जा, दोन टप्प्यांचा पासवर्ड ठेवा. आणि "बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका, नंबर सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. ॲप वाईट नाही. पण तो नंबर सांगून परवानगी देणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं.

बाकी सगळं विजेवर. रात्री कुणी मेन स्विच पाडला की संपलं. वीज परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, अशी सेटिंग बायोसमध्ये असते. ती करून घेतली, झोपेची सेटिंग बंद केली, तेव्हा माझे फोन निम्म्यावर आले. पण कृष्णेच्या पुरापुढे सेटिंग चालत नाही. इर्विन पुलाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. जुलै २०२१ मध्ये ते त्याच्याही वर गेलं आणि पेठेतली वीज तोडली. माझ्या पडद्यावर तीन दिवस "संपर्क होत नाही" एवढंच. मशीन मामांनी आदल्या संध्याकाळीच काढून माळ्यावर ठेवलं होतं.

ऑफिसची एक किल्ली साहेबांकडे असते, दुसरी मामांकडे. माझ्या मोबाइलमध्ये पहिला नंबर मामांचा आहे.